माईच्या नावाने लिहिणारा

विलास पाटणकर पहिल्यांदा आमच्या दुकानात शिरला तो "वहिनी, किती दिवसांनी" असं म्हणत. त्याआधी मी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. सासरकडचा कुणी माणूस आपण विसरलो की काय, या धास्तीने मी खुर्ची पुढे केली, पंखा लावला, चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर त्याने स्वतःचं नाव सांगितलं. पुढे ओळख वाढल्यावर कळलं, की तो सगळीकडे असाच शिरायचा. समोरचा आठवायच्या खटपटीत असतो, तेवढ्यात आपण आत जाऊन बसायचं. या प्रकाराला तो 'आपुलकी' म्हणायचा आणि ती इतरांना शिकवायची त्याची इच्छा होती.

मालवणच्या बाजारात आमचा टायपिंगचा क्लास होता. टायपिंग शिकायला मुलं येईनाशी झाली तसे आम्ही कॉम्प्युटर घेतले, नेट घेतलं आणि दारावर सायबर कॅफेची पाटी लावली. दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. तारकर्ली-देवबागकडे पर्यटक वाढत होते. ज्याच्याकडे एक खोली जास्त होती तो ती रंगवून भाड्याने देत होता, ज्याच्या बायकोच्या हाताला चव होती तो खानावळ काढत होता. आणि कॉलेजची पोरं आमच्याकडे येऊन दिवसभर एकाच साईटवर पडलेली असत. तिचं नाव आता कुणी काढत नाही. एकमेकांच्या पानावर चार ओळी टाकायच्या, त्याला स्क्रॅप म्हणायचं, आणि आवडीनिवडीचे गट काढायचे, एवढाच तो उद्योग. आम्हाला तो पोरखेळ वाटायचा. विलासला त्यात धंदा दिसला, हे मान्य करायला हवं. आमच्या सगळ्यांच्या आधी दिसला.

तो मूळचा खारेपाटणचा. बरीच वर्षं ठाण्याला एका जाहिरात कंपनीत होता. कंपनीने त्याला सोडलं की त्याने कंपनीला, हे तो ज्याला त्याला वेगवेगळं सांगे. मालवणात खोली घेऊन राहिला, कारण पर्यटक इथे होते. अंगात खादीचा कुडता, खांद्याला शबनम, केसांना कलप. कलप लावलेला दिवस ओळखू यायचा, कारण त्या दिवशी त्याचे कानही काळे असत. मासळीचा वास त्याला सोसत नसे. बाजारातून जाताना नाकाला अत्तराचा रुमाल लावी आणि आमच्या कॉम्प्युटरवर बसून लिही, 'गरम भात, त्यावर बांगड्याची आमटी, आणि वाढणारा आईचा हात.' बांगडा तोंडात घालताना त्याला मी कधी पाहिलं नाही. तो शेजारच्या हॉटेलातून उसळपाव मागवायचा.

"वस्तू विकू नका, नातं विका," हे त्याचं वाक्य. ते तो काजूवाल्याला ऐकवी, होडीवाल्याला ऐकवी, एकदा आमचा नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही त्याने ते ऐकवलं. नावं मात्र त्याच्या लक्षात राहत नसत. म्हणून सगळ्या बायका मावशी किंवा वहिनी, आणि सगळे पुरुष दादा. शेवटपर्यंत माझं नाव त्याला ठाऊक होतं असं मला वाटत नाही.

सुरुवातीला त्याच्या गळाला लागला तो खानावळवाला दाजी. दाजी साधा माणूस. त्याच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला शुभेच्छा गेल्या पाहिजेत, म्हणजे ती पुन्हा येतील, असं विलासने त्याला पटवलं. जेवायला येणाऱ्यांचे फोटो काढायचे आणि खानावळीच्या गटात चढवायचे, हाही त्याचाच बूट. एका जोडप्याने तिथे दोन दिवस मनापासून सुरमई खाल्ली. विलासने त्यांचा हसरा फोटो चढवला आणि खाली लिहिलं, 'आमचं लाडकं जोडपं, दाजींच्या घरचीच लेक आणि जावई.' पुढच्या आठवड्यात दाजीला कोल्हापुराहून एका बाईंचा फोन आला. फोटोतला जावई त्यांचा नवरा होता, आणि लेक कोण, ते त्यांना दाजीकडून जाणून घ्यायचं होतं. दाजी बिचारा फोनवर हात जोडत होता. विलासला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, की चर्चा झाली हे महत्त्वाचं. दाजीने त्या दिवसापासून त्याला खानावळीची पायरी चढू दिली नाही. त्याचं विलासला काही वाटलं असेल असं नाही. जेवायला तो तिथे जातच नव्हता.

मग त्याला सुनंदा सापडली.

सुनंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यावर तिने घरी मसाला करायला घेतला. मिरच्या निवडणं, भाजणं सगळं स्वतः, आणि कांडपाला गिरणीत जाऊन मशीनपाशी उभी राहायची. मसाला अव्वल. जीभ त्याहून तिखट. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की ती पुडी परत डब्यात टाकी आणि दार लोटून घेई. विलासने तिला बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, की मसाला उत्तम आहे, फक्त बाई लपवायला हवी.

आधी त्याने तिला नऊवारी नेसवून, नथ घालून जात्यासमोर बसवायचा घाट घातला. ती पाचवारीतच आली. जात्याकडे बघून तिने विचारलं, की ह्याच्यावर मसाला दळतात असं तुला कुणी सांगितलं. फोटो राहिला. मग काही दिवसांनी तो खारेपाटणला जाऊन आला आणि येताना आपल्या आईचा फोटो घेऊन आला. पांढरे केस, कपाळावर गोंदण, डोळे किलकिले करून उन्हात बघणारी म्हातारी. तिचं पान त्याने त्या साईटवर उघडलं. नाव ठेवलं 'माई'. मसाल्याचं नावही 'माईचा मसाला' झालं.

सुनंदाने एवढंच विचारलं, "तुज्या आवशीक इचारलंस काय?"

तो म्हणाला, की आईला त्यातलं काय कळतंय. सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. पण बाहेरगावाहून मागणी येऊ लागली होती, घरात दोन पोरी शिकत होत्या, आणि आपलं तोंड पुड्या विकायच्या कामाचं नाही हे तिलाही ठाऊक होतं. तिने मान डोलावली.

विलास रोज दुपारी येऊन कोपऱ्यातल्या मशीनवर बसे आणि माई होई. मी मागून वाचत असे. खोटं कशाला बोलू, ती माई मला आवडायची. माई लिहायची, 'पहिलं घावन तव्याचं, दुसरं देवाचं, तिसरं माणसाचं. पहिलं बिघडलेलं मीच खाते गो.' माई लिहायची, की पुराचं पाणी बाजारपेठेत शिरलं की ती दाराच्या पायरीवर पाय ठेवून नदीला सांगते, इथवर ये, पुढे येऊ नको. गुडघ्याला ती एरंडाचं तेल लावायची. वीज चमकली की घरातली कोयती पलंगाखाली सरकवायची. लोक विचारत, माई, सोलकढी फाटते ती का? माई सांगे. लोक विचारत, माई, माझ्या मुलाला भूक लागत नाही. माई त्यावरही सांगे. उत्तर लिहून झालं की विलास खुर्ची मागे ढकलून बोटं मोडी आणि मला म्हणे, "बघा वहिनी, याला म्हणतात खरेपणा."

खारेपाटण मालवणहून फार लांब नाही. सकाळच्या गाडीने गेलं तर संध्याकाळी परत येता येतं. पण तो फोटो आणायला गेला त्यानंतर विलास तिकडे गेल्याचं मला आठवत नाही. त्याची आई शेजाऱ्यांच्या फोनवरून आमच्या दुकानात फोन करी. मी त्याला हाक मारली की तो टाईप करता करता हातानेच खूण करी, नाही म्हणून सांगा. मी सांगायचे, बाहेर गेलेत. ती म्हणायची, बरा बाय, काय नाय, सहज केल्लंय. आणि तेवढ्या वेळात तिकडे माई कुणा पुण्याच्या सुनेला लिहीत असे, की पोरी, सासूला अधूनमधून फोन करत जा, तिचा जीव तेवढ्यावर असतो.

या माईला सगळ्यात जास्त लिहायची ती नागपूरची नीलिमा. बँकेत नोकरी, एकटी राहणारी, चाळिशीची. मसाला संपला म्हणून लिहायला लागली ती हळूहळू सगळंच लिहू लागली. तिची आई आजारी पडली, मग गेली, तेही तिने माईला लिहिलं. विलासने उत्तर दिलं. ते मी वाचलं नाही, त्या दिवशी गर्दी होती. पुढे वर्षभर नीलिमा दर आठवड्याला लिहीत राहिली आणि माई उत्तरं देत राहिली.

आणि एका डिसेंबरात ती सुनंदाच्या दारात येऊन उभी राहिली. पुडीवर सुनंदाचाच पत्ता होता. हातात संत्र्याच्या बर्फीचा डबा आणि माईसाठी लोकरीची शाल. तिने विचारलं, माई आहेत का?

सुनंदाने पुढे मला सांगितलं, की आयुष्यात पहिल्यांदा तिची जीभ टाळ्याला चिकटली. तिने नीलिमाला घरात बसवलं, पाणी दिलं, माई गावाला गेलीय म्हणाली आणि चपला न घालता आमच्या दुकानात आली. विलास कोपऱ्यात माई होऊन बसलेला होता. सुनंदाने त्याला उठवलं आणि काय झालं ते सांगितलं. तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, हरकत नाही, माई तीर्थयात्रेला गेल्यात असं सांगू. नीलिमा म्हणाली होती, की मी रजा घेऊन आलेय, त्या येईपर्यंत लॉजवर थांबते. सुनंदाने हेही सांगितलं तेव्हा त्याने रुमाल काढून कपाळ पुसलं.

सुनंदा म्हणाली, "एक तर तू सांग तिका, नायतर मी सांगतंय. तिची आवस मेली हा रे."

त्यावर विलासने जे ठरवलं ते फक्त त्यालाच सुचू शकत होतं. माई खरीच आहे ना, तो म्हणाला, खारेपाटणला आहे. आपण नीलिमाताईंना तिथे घेऊन जाऊ. आई मुळात कमी बोलते, कान जरा जड आहे. भेट होईल, दोघी रडतील, फोटो निघेल. यात खोटं काय आहे?

सुनंदा त्याला एकट्याला जाऊ द्यायला तयार नव्हती, आणि मला घेतल्याशिवाय ती जायला तयार नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं जीप करून निघालो. नीलिमा पुढे बसली होती, शालीची पिशवी मांडीवर घेऊन. वाटेत तिने दोनदा विचारलं, की माईंना माझा चेहरा ओळखू येईल ना, मी फोटो टाकलेला आहे. विलास म्हणाला, नक्की येईल. सुनंदा खिडकीबाहेर बघत होती.

घर बाजारपेठेच्या मागच्या अंगाला होतं, दोन खोल्या आणि पडवी. म्हातारी पडवीत बसून सुपात कुळीथ पाखडत होती. फोटोतल्यापेक्षा बरीच बारीक. जीप थांबली तसं तिने कपाळावर हात धरून बघितलं. मुलगा उतरताना दिसला आणि तिच्या हातातलं सूप कललं, कुळीथ जमिनीवर सांडले. ती उठायला गेली, गुडघ्याने जमेना.

तो पुढे होण्याआधी नीलिमा धावली. पाया पडली, तिला धरून बसवलं आणि शेजारी बसून कुळीथ गोळा करू लागली. "गुडघा अजून बरा नाही ना?" ती म्हणाली. "एरंडाचं तेल लावताय की कंटाळा केलात?" म्हातारी हसली, हो म्हणाली. मग नीलिमा बोलतच सुटली. यंदा पूर आला तेव्हा पायरीवर उभं राहून नदीला सांगितलंत का? कोयती अजून पलंगाखाली सरकवता? मला तिसरं घावन नको हं, पहिलं बिघडलेलंच द्या, आपण दोघी मिळून खाऊ.

म्हातारीचं हसू हळूहळू विरलं. विलास मागून "आई, अगं या नीलिमाताई, तुला सांगितलं होतं ना" असं काहीतरी म्हणत होता. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने नीलिमाचा हात धरून विचारलं, "बाय, ह्यां तुका कोणी सांगल्यान?"

"तुम्हीच तर लिहिलंत माई," नीलिमा म्हणाली.

म्हातारी म्हणाली, की तिला लिहिता येत नाही. सही तेवढी करते, तीही थरथरत.

नीलिमाने आधी म्हातारीकडे, मग आमच्याकडे आणि शेवटी विलासकडे बघितलं. ती हुशार बाई होती, तिला फोड करून सांगावं लागलं नाही. म्हातारीला त्या कॉम्प्युटरच्या भानगडीतलं काहीच कळलं नसावं. पण तिला तिच्यापुरतं कळलं. ती मुलाकडे बघत म्हणाली, "सगळां आठवता तुका."

विलास म्हणाला, "हो आई."

"मगे येणस कित्याक नाय?"

ती रागावली नव्हती. तो येत का नाही, हे तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. विलासने शबनमचा बंद बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, कामं असतात गं.

मग नीलिमाने त्याला विचारलं. आई गेल्याचं मी लिहिलं तेव्हाचं उत्तरही तुमचंच का? तो हो म्हणाला, आणि तेवढ्यात मूळपदावर येऊन म्हणाला, "ताई, भावना अगदी खरी होती." तिने विचारलं, काय लिहिलं होतंत? त्याला आठवेना. तो आठवायचा प्रयत्न करत होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, पण त्याला एक ओळही आठवली नाही. नीलिमाला ते सगळं उत्तर पाठ होतं. तिने ते म्हणून दाखवलं नाही.

मला वाटलं, आता ही उठून स्टँडवर जाईल. पण म्हातारीने तिला सुपाकडे बोट दाखवलं, म्हणाली, अर्धे निवडून झालेत, अर्धे रवले, पिठी करतंय, जेवन जा. नीलिमाने पदर खोचला आणि सूप ओढून घेतलं. दुपारी आम्ही सगळे कुळथाची पिठी आणि भात जेवलो. निघायची वेळ झाली तेव्हा नीलिमा म्हणाली, माझी रजा शिल्लक आहे, मी इथे थोडे दिवस राहिले तर चालेल का. म्हातारी म्हणाली, चलात.

राहिली ती नीलिमा. विलास आमच्याबरोबर जीपमध्ये बसला. आईला म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो.

कणकवलीपर्यंत तो डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, बरं झालं, कुठेतरी लागलं याला. हायवे सोडून मालवणच्या रस्त्याला वळलो आणि तो म्हणाला, "वहिनी, हा अनुभव लिहून काढला पाहिजे. लोक रडतील." सुनंदाने ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. ती खाली उतरली, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि उघडं धरून उभी राहिली. थोड्या वेळाने तो उतरला. आम्ही पुढे निघालो तेव्हा तो रुमालाने चेहरा पुसत एसटीच्या थांब्याकडे चालला होता.

माईचं पान सुनंदाने विलासकडून माझ्यासमोर बंद करवलं. मसाल्यावर स्वतःचं नाव छापलं. आलेल्या चौकशांना मी तिच्या शब्दांत उत्तरं लिहायचे, म्हणजे 'मिळेल', 'नाही' आणि 'एकदा सांगितलेलं पुरे'. काही गिऱ्हाइकं तुटली. राहिली ती मात्र चिकट निघाली.

नीलिमा दर वर्षी खारेपाटणला येऊन राहायची, जाताना आम्हाला भेटायची. तिच्या तोंडून विलासचा विषय निघत नसे. म्हातारी सांगायची म्हणे, की झील येऊन गेलो, म्हणजे मुलगा येऊन गेला, पण केव्हा, ते नीट सांगत नसे. मग एका पावसाळ्याच्या शेवटी नीलिमाचाच फोन आला, माई गेली. ती तिला माईच म्हणत असे. बाराव्याला सुनंदा आणि मी गेलो. विलास डोकं भादरून बसला होता. कलप नसलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला. म्हातारा दिसत होता. पानं वाढायला तो स्वतः उठला.

त्यानंतर मी त्याला एकदाच पाहिलं. बाराव्याला महिना-दीड महिना झाला असेल. कणकवलीला बचतगटांच्या बायकांसाठी काहीतरी प्रशिक्षण होतं, सुनंदाच्या गटाला बोलावणं होतं, सोबत म्हणून मी गेले. वक्ता कोण ते आम्हाला तिथे जाऊन कळलं. डोक्यावर नुकते उगवलेले पांढरे केस, तोच कुडता. प्रोजेक्टरने भिंतीवर एकेक चित्र पाडून तो बोलत होता. ग्राहकाशी घरोबा कसा करावा, खरं कसं असावं. मग भिंतीवर फोटो आला. खारेपाटणची पडवी, शेजारी शेजारी बसलेल्या म्हातारी आणि नीलिमा. तो फोटो त्याने तिथे केव्हा काढला, मला कळलंही नव्हतं. त्याने गोष्ट सांगितली. तिच्यात एक ग्राहक होती, एक प्रेमळ आई होती, आणि त्या दोघींची गाठ घालून देणारा मुलगा होता. बायका मन लावून ऐकत होत्या. शेजारची एक नाकाला पदर लावून बसली. सुनंदाच्या तोंडून हलकेच एक शिवी गेली.

गोष्ट संपल्यावर त्याने विचारलं, काही शंका? फोंडाघाटाकडची एक बाई उठली. तिची शंका धंद्याची नव्हती. तिने विचारलं, "आवस कशी आसा तुमची? बरी आसा मां?"

विलास म्हणाला, "बरी आहे." मग म्हणाला, "वाट बघत असते."

मी सुनंदाचा हात धरला, कारण ती उठणार हे मला दिसत होतं. पण ती उठली नाही. बाई समाधानाने खाली बसली. संयोजकांनी मागून खूण केली, वेळ झाली, पुढे चला. विलासने बटण दाबलं नाही. तो प्रोजेक्टरच्या उजेडातच उभा होता, त्यामुळे नीलिमा तेवढी भिंतीवर होती आणि म्हातारीचा चेहरा त्याच्या कुडत्यावर पडला होता. त्याने मान खाली घालून त्याकडे बघितलं आणि छातीवरची सुरकुती तळहाताने सारखी केली.